चेंडूची उसळी आणि तिचा हिशेब



वसंतातल्या या व्यासपीठावर विद्वान मंडळी मोठमोठ्या विषयांवर बोलून जातात. माझा विषय त्या मानाने अगदी लहान, मुलाच्या मुठीत मावेल एवढा आहे. चेंडू हातातून सोडला की खाली पडतो, जमिनीवर आपटतो आणि पुन्हा वर येतो. तो किती वर येतो, ते कशावर अवलंबून असते, आणि जितक्या उंचीवरून सोडला तितका तो परत का येत नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर शेवटी मिळेल. तूर्त एवढेच सांगतो की, आमचा सगळा जन्म हिशेब तपासण्यात जातो, आणि चेंडूची उसळी हाही एक हिशेबच आहे.

लहानपणी ज्यांनी लगोरी खेळली असेल त्यांना चिंध्यांचा चेंडू आठवत असेल. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळायच्या आणि वरून सुतळीने जाळी विणायची. हा चेंडू पाठीत बसला तर बसे, पण जमिनीवर टाकला तर जागच्या जागी पडून राही. मग चाळीतला एखादा मुलगा रबराचा चेंडू घेऊन येई आणि तो टप्पा घेऊन डोक्यावरून जाऊ लागला की बाकीची पोरे आ वासून पाहत. दोन्ही चेंडू एकाच उंचीवरून पडत, एकाच जमिनीवर आपटत; मग एक उसळतो आणि दुसरा का उसळत नाही? आजचा सारा विषय या एका प्रश्नात आहे.

प्रथम उंचीचे पाहू. हा प्रयोग घरच्या घरी करता येण्याजोगा आहे, आणि माझे ऐकून विश्वास ठेवण्यापेक्षा तो आपण करून पाहावा हे बरे. भिंतीवर खडूने जमिनीपासून दर १० सेंटिमीटरवर रेघा ओढा. टेनिसचा एक चांगला चेंडू घ्या. त्याची खालची कड १ मीटरच्या रेघेशी आणा आणि चेंडू नुसता सोडा, फेकू नका. तो परत किती वर येतो ते डोळा त्या रेघेच्या पातळीत आणून पाहा. पाच वेळा सोडा आणि सरासरी घ्या. चेंडू चांगला आणि जमीन टणक असेल तर आकडा ५५ सेंटिमीटरच्या आसपास येईल. आता स्टुलावर उभे राहून २ मीटरवरून सोडा. तो सुमारे १ मीटर १० सेंटिमीटर उसळेल. अर्ध्या मीटरवरून सोडला तर २७ सेंटिमीटरच्या आसपास.

यावरून पहिली गोष्ट ध्यानात येते. उंची वाढवली की उसळी वाढते, पण चेंडू परत देतो तो हिस्सा जवळजवळ तोच राहतो. रुपयाला पंचावन्न पैसे, असा त्याचा दर ठरलेला आहे. दुसऱ्या टप्प्यालाही तोच दर लागू पडतो. म्हणजे १०० सेंटिमीटरवरून सुटलेला चेंडू पहिल्यांदा ५५, मग ३०, मग १७, मग ९ सेंटिमीटर असा उतरत जातो आणि शेवटी थरथरून थांबतो. प्रत्येक टप्प्याला जमीन आपली कपात करून घेते.

खेळांच्या नियामक संस्थांनी हे ओळखून उसळीचेच नियम बांधले आहेत. टेनिसचा सर्वसाधारण चेंडू २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला असता १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, म्हणजे शेकडा ५३ ते ५८. टेबल टेनिसचा चेंडू ३०.५ सेंटिमीटरवरून पोलादी ठोकळ्यावर सोडला तर २४ ते २६ सेंटिमीटर उसळला पाहिजे, म्हणजे शेकडा ७९ ते ८५. चेंडू तपासावयाचा तर किती उंचीवरून, कशावर, आणि किती उसळला, हे तीन आकडे सांगावेच लागतात. नुसते ‘चांगला उसळतो’ म्हणून भागत नाही.

आता असा ठरावीक हिस्सा का मिळतो? पडणाऱ्या वस्तूचा वेग सारखा वाढत असतो, हे गॅलिलिओने दाखवून दिले. त्याचा त्या विषयावरचा ग्रंथ १६३८ साली प्रसिद्ध झाला. १ मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना सेकंदाला ४.४ मीटर वेगाने टेकते. २ मीटरवरून पडली तर वेग दुप्पट होत नाही, ६.३ मीटर होतो. दुप्पट वेग हवा असेल तर उंची चौपट करावी लागते. ४ मीटरवरून तो ८.९ मीटर भरतो. म्हणजे वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मात्र आदळण्याची जी ऊर्जा आहे ती थेट उंचीच्या प्रमाणात वाढते. उंची दुप्पट तर ऊर्जा दुप्पट. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

पुढचे पाऊल न्यूटनचे. १६८७ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने दोऱ्यांना गोळे टांगून ते एकमेकांवर आदळवल्याचे प्रयोग दिले आहेत. त्याला असे आढळले की, गोळे ज्या वेगाने एकमेकांजवळ येतात आणि ज्या वेगाने दूर जातात, त्या दोन वेगांचे प्रमाण एका जातीच्या गोळ्यांसाठी ठरावीक असते. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या गोळ्यांत ते ९ ला ५ होते, काचेच्या गोळ्यांत १६ ला १५. पोलादाचे गोळे जवळजवळ आले तसेच परत जात, आणि बुचाच्या लाकडाचे त्याहून थोडे कमी. हे प्रमाण वेगाचे आहे. उंचीचे हवे असेल तर त्याचा वर्ग करावा लागतो. लोकरीच्या प्रमाणाचा वर्ग केला तर शेकडा ३१ येतात, काचेच्या प्रमाणाचा केला तर शेकडा ८८. लोकरीचा तो गोळा म्हणजे आमच्या चिंध्यांच्या चेंडूचा विलायती भाऊच म्हणावयाचा!

मग उरलेले कुठे गेले? टेनिसचा चेंडू पंचावन्न पैसे परत देतो, तर बाकीचे पंचेचाळीस कोणी खाल्ले? हिशेबात तूट दिसली की पैसा नाहीसा झाला असे कोणी म्हणत नाही; तो कुणाच्या तरी खात्यात गेलेला असतो. निसर्गाचा हिशेब तर माणसाच्या हिशेबापेक्षा कितीतरी चोख. आदळताना जो ‘टप’ असा आवाज होतो त्यात थोडी ऊर्जा जाते. थोडी जमिनीच्या थरथरीत जाते. पण सर्वांत मोठा भाग चेंडूच्याच अंगात उष्णता होऊन राहतो. स्क्वॉश खेळणारे लोक डाव सुरू करण्यापूर्वी चेंडू भिंतीवर पुन:पुन्हा मारून तापवतात, कारण थंड असताना तो मेल्यासारखा पडतो आणि तापला की उसळू लागतो. तो तापतो तो या न परतलेल्या ऊर्जेनेच. टेनिसचा चेंडू तपासताना त्याचे तापमान २० अंशांच्या आसपास राखतात ते यासाठीच. रबराचा स्वभाव तापमानाबरोबर बदलतो.

आता पदार्थांकडे वळू. पुष्कळांची अशी समजूत असते की मऊ वस्तू उसळते आणि कठीण उसळत नाही. ती खरी नाही. ओल्या मातीचा गोळा मऊ आहे, पण तो जमिनीला चिकटून बसतो. पोलादाची गोळी कठीण आहे, पण पोलादी ऐरणीवर सोडा, ती टणकन वर येते. तेव्हा प्रश्न मऊ की कठीण हा नसून, वस्तू दबल्यावर दाब उतरताच मूळ आकाराला किती पुरेपूर येते, हा आहे. पुस्तकात याला स्थितिस्थापकता म्हणतात. चेंडू जमिनीला टेकतो तो सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढा वेळ. तेवढ्यात तो चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. चपटा होताना ऊर्जा ताणात साठते. गोल होताना ती सुटते आणि चेंडूला वर ढकलते. साठवलेल्यापैकी जितके परत मिळाले तितकी उसळी.

चिंध्यांच्या चेंडूत कापडाचे धागे एकमेकांवर घासत दबतात, आणि जागचे हलले की परत येण्याची ओढ त्यांना नसते. ऊर्जा घर्षणात जिरते. मातीच्या गोळ्यात कणांची जागाच कायमची बदलते. रबराचे तसे नाही. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. ओढले की त्या साखळ्या सरळ होतात, सोडले की पुन्हा गुंततात. परंतु झाडाच्या चिकाचे कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक, कारण साखळ्या एकमेकींवरून घसरतात. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली. त्याने साखळ्यांना मधूनमधून टाके पडतात आणि घसरणे थांबते. पण रबराच्या चेंडूचे श्रेय त्याला देऊन चालणार नाही. मेक्सिकोतील एल मनाती येथे दलदलीत सापडलेले रबराचे चेंडू इसवी सनापूर्वी सुमारे १६०० सालापर्यंत मागे जातात. त्या भागातले लोक चिकात गारवेलीच्या जातीच्या एका वेलीचा रस मिसळून उसळणारे रबर तयार करीत. त्या कारागिरांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत, पण माल त्यांचा पक्का होता.

सगळे रबरही एका स्वभावाचे नसते. १९६५ साली अमेरिकेत पॉलिब्युटाडाईन या कृत्रिम रबराचा एक चेंडू बाजारात आला. तो टाकलेल्या उंचीच्या शेकडा ८० हूनही अधिक उसळे. याउलट ब्यूटाइल रबराची गोळी साध्या तापमानाला जेमतेम उसळते. हातात घेतल्या तर दोन्ही सारख्याच लागतील. एकाचा उपयोग खेळण्यासाठी, दुसऱ्याचा यंत्रांची थरथर शोषण्यासाठी. न उसळणे हा दोष नव्हे. ते वेगळे काम आहे.

फुटबॉलमध्ये हवा भरलेली असते, आणि हवा ही फार प्रामाणिक स्प्रिंग आहे. दाबली की जवळजवळ सगळे परत देते. खाणारी असते ती कातडी. हवा कमी झाली की कातडीला जास्त मुडपावे लागते आणि उसळी मरते. जमिनीचाही वाटा विसरू नये. काचेची गोटी फरशीवर उड्या मारते आणि अंगणातल्या मातीत रुतते. गोटी तीच, उंची तीच. म्हणून उसळीचा दर एकट्या चेंडूचा नसतो, तो चेंडू आणि जमीन या जोडीचा असतो.

मघाशी मी दर ‘जवळजवळ’ तोच राहतो असे म्हटले. या ‘जवळजवळ’चा खुलासा केला पाहिजे. उंची फार वाढवली की दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे, वेग वाढला की चेंडू अधिक दबतो आणि नुकसान शेकडेवारीतही वाढते. धातूत तर एका मर्यादेपलीकडे कायमचा खळगा पडतो. दुसरी म्हणजे हवा. टेबल टेनिसचा चेंडू फक्त २.७ ग्रॅमचा. तो पडताना सेकंदाला सुमारे ९ मीटर वेग आला की हवेचा विरोध त्याच्या वजनाइतका होतो आणि वेग वाढणे थांबते. पहिल्या १० मीटरांतच तो त्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचतो. त्यामुळे तो चौथ्या मजल्यावरून सोडा की चौदाव्या, उसळी सारखीच. परंतु हा नियम हलक्या चेंडूचा. लोखंडी बोल्टला हवा असा आधार देत नाही.

बोल्टचे नाव निघाले, तेव्हा आता कारखान्यात शिरू. उसळीचे माप तिथे रोजच्या कामात वापरतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत शोअर नावाच्या गृहस्थाने पोलादाची कठीणता मोजण्याचे एक उपकरण केले. नळीतून एक लहानशी, हिऱ्याच्या टोकाची हातोडी पोलादावर पडते आणि किती उसळली ते पाहतात. पोलाद मऊ असेल तर तिथे बारीक खळगा पडतो, ऊर्जा त्यात खर्ची पडते आणि उसळी कमी येते. १९४८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये अर्न्स्ट श्मिट यांनी हेच तत्त्व काँक्रीटला लावले. आज पूल किंवा इमारत तपासताना इंजिनीयर हातात जो ‘रिबाउंड हॅमर’ धरतात तो हाच. स्प्रिंगच्या जोराने दांडा आपटतो, आणि तो किती मागे आला त्यावरून काँक्रीट वरवर किती टणक आहे याचा अंदाज करतात.

आता सुरुवातीला राहिलेले उत्तर देतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात छताजवळ दुरुस्ती चालू होती. वरून सुमारे ६ मीटरवरून अर्ध्या किलोचा पाना निसटला आणि खाली उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या एका पोरसवदा कामगाराच्या हेल्मेटवर पडला. पोरगा खाली बसला, पाणी प्यायला आणि वाचला. आम्ही सगळ्यांनी देवाचे आणि हेल्मेटचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी मी पाहिले तर तेच हेल्मेट पुसून दुसऱ्याच्या डोक्यावर दिलेले. मी हरकत घेतली. साहेबांनी हेल्मेट उलटसुलट करून मला दाखवले. ‘एक तडा दाखवा. पाना टणकन उडून गेला, तुम्हीच सांगितलेत. मग याला झाले काय?’

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. तडा खरोखरच नव्हता. मी घरी आलो आणि नातेवाइकांच्या पोरांच्या चेंडूंशी खेळत बसलो म्हणालात तरी चालेल. पुढच्या बैठकीला जाताना पिशवीत तीन वस्तू नेल्या: रबराचा चेंडू, ओल्या मातीचा गोळा आणि एक हेल्मेट.

चेंडू टेबलावर सोडला. तो वर आला. मी म्हटले, ‘साहेब, याने घेतलेले बरेचसे परत दिले, म्हणून हा पूर्वीसारखा आहे. पण याने टेबलाला दणका जास्त दिला. वस्तू नुसती थांबवायला जेवढा धक्का लागतो, त्याहून ती थांबवून वर उलट फेकायला अधिक लागतो. अर्ध्या वेगाने परत फेकायची तर दीडपट.’ मग मातीचा गोळा सोडला. तो चपटा झाला. ‘याने परत काही दिले नाही. सगळे स्वतःच्या अंगावर घेतले, आणि त्याची खूण अंगावर आहे. आता सांगा, माणसाच्या डोक्यावर यातली कोणती वस्तू असावी?’

हेल्मेटचे काम उसळवण्याचे नाही, जिरवण्याचे आहे. युरोपातील ई.एन. ३९७ या मानकात ५ किलोचे वजन १ मीटरवरून हेल्मेटवर सोडतात, आणि खाली डोक्याच्या साच्यापर्यंत ५ किलोन्यूटनहून, म्हणजे सुमारे ५०० किलो वजनाच्या भाराहून, अधिक जोर पोहोचता कामा नये अशी अट आहे. याचा हिशेब चौथीतला मुलगा करील. ५ किलो गुणिले १०० सेंटिमीटर म्हणजे ५००. ते वजन १ सेंटिमीटर अंतरात थांबवले तर सरासरी भार ५०० किलोचा. १ मिलिमीटरमध्ये थांबवले तर ५,००० किलोचा. वाचवतो तो हा सेंटिमीटर. तो सेंटिमीटर देण्यासाठीच हेल्मेटच्या आत पट्ट्यांचा पाळणा असतो आणि कवच व डोके यांत मोकळी जागा असते. पट्ट्या ताणल्या जातात, कवच वाकते, आणि ऊर्जा तिथे जिरते. म्हणून जबर मार खाल्लेले हेल्मेट तडा नसला तरी बाद करावयाचे असते. ताणलेली पट्टी दुसऱ्या वेळी तेवढी ताणेलच याची हमी कोण देणार? पाना उसळला खरा, पण त्याची सगळी ऊर्जा उसळीत परत गेली नव्हती. बाकी हेल्मेटच्या खात्यावर होती.

साहेबांचा दुसरा मुद्दा उंचीचा होता. ‘सहाच मीटर तर होते.’ त्यावर मी मघाचे वाक्य सांगितले: उंची दुप्पट तर ऊर्जा दुप्पट. अर्धा किलो गुणिले ६ मीटर म्हणजे ३. मानकातली परीक्षा ५ किलो गुणिले १ मीटर, म्हणजे ५. तोच पाना १० मीटरवरून सुटला असता तर परीक्षेचा पूर्ण आकडा गाठला असता, आणि त्या शेडचे छत १० मीटरहून उंच होते. पाना हातभर आहे म्हणून तो लहान ठरत नाही. तो कुठून सुटला हे विचारावे लागते.

ती हेल्मेटे बदलून मिळाली. वरच्या फळ्यांना कडेने पायाशी आडवी पट्टी लावणे आणि हत्यारे दोरीने मनगटाला बांधणे, यासाठी मात्र आणखी एक वर्ष भांडावे लागले. खरे म्हणजे ते आधी व्हावयास हवे होते. हेल्मेट हा शेवटचा बचाव. वस्तू पडूच नये ही पहिली व्यवस्था.

मित्रहो, शास्त्र हे प्रयोगशाळेत राहणाऱ्यांचेच आहे अशी आपली एक समजूत असते, आणि ती आपल्याला महागात पडते. मी शाळा लवकर सोडलेला माणूस. वर्ग आणि वर्गमूळ मी वाचनालयात बसून शिकलो, आणि त्याचा सर्वांत मोठा उपयोग मला त्या एका बैठकीत झाला. समोरचा माणूस ‘काही झाले नाही’ म्हणतो तेव्हा, उसळीत किती परत आले आणि उरलेले कुठे गेले, एवढे दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत.

आज घरी गेल्यावर मुलांना बोलवा, भिंतीवर रेघा ओढा आणि चेंडू सोडा. आकडे मुलांनाच लिहू द्या. भिंत खराब होईल, पण खडू पुसता येतो. आणि आपल्यापैकी जे कामावर हेल्मेट घालतात त्यांनी उद्या सकाळी ते उलटे करून आतल्या पट्ट्या एकदा बोटाने ओढून पाहाव्यात. एवढे केलेत तर माझे इथे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.